१२ व्होल्टचा पंप, ८ महिने: पाण्याची धार बारीक का व्हायची ते शेवटी काटोलला कळलं

दसऱ्याला मुक्कामाच्या गाडीत हा पाण्याचा पंप बसवला, आता जून चालू आहे. डायफ्रामवाला (आत रबरी पडदा असतो तो), १२ व्होल्ट, ५५ पीएसआय (हे दाबाचं माप), डब्यावर ११.३ लिटर पर मिनिट. स्पेक्स सगळ्यांना माहीत आहेत, सगळेच पंप थोडेफार असेच असतात, त्यामुळे त्यात जात नाही. गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर, नागपूरजवळ वाडीला बॉडी करून घेतलेली, बेडखाली १२० लिटरची प्लास्टिक टाकी, एक किचनचा नळ, एक शॉवर, आणि मागे एक नळ फक्त आईच्या बादलीसाठी. आई ७४ वर्षांची आहे, शॉवरखाली उभी राहत नाही, तिला बादलीच लागते. म्हणून मी सगळं मोजमाप बादलीवर करतो. १० लिटरची बादली किती वेळात भरते ते मोबाईलवर बघायचं, बस. नवीन असताना १ मिनिट २० सेकंद लागायचे.

मे महिन्यातच रिव्ह्यू टाकणार होतो आणि पंपाला २ स्टार देणार होतो. बरं झालं नाही टाकला. पण सर्व्हिसबद्दल जे लिहिणार होतो ते तसंच लिहितो आहे, त्यात काही बदललं नाही.

झालं असं की पेंच जंगलाच्या सिल्लारी गेटजवळ आम्ही दोन रात्री मुक्कामाला होतो, ऊन ४४-४५, सकाळी आईची पहिली बादली नीट भरली, दुसरी अर्धी झाली आणि धार बारीक होत होत करंगळीएवढी झाली. पंपाचा आवाज पण बदलला, जड जड चालून राहिला होता. आई म्हणे, "अरे पाणी संपलं का रे बाळा?" टाकीत निम्म्याहून जास्त पाणी होतं. अर्धा तास थांबलो, मग परत थोडं आलं, परत गेलं. तिसऱ्या दिवशी घरी आलो, नागपूरला टाकी भरायला पाइप लावला आणि नळ सोडून पाहिला तर एकदम मस्त धार! मला वाटलं उन्हाने पंप तापत असेल. पुढच्या शनिवारी उमरेड-कऱ्हांडल्याला गेलो, परत तेच.

सर्व्हिसला फोन केला तर पलीकडून पहिलं वाक्य, "सर, बोअरचं पाणी वापरता का, क्षाराने डायफ्राम गेला असेल, वॉरंटीत बसणार नाही." अरे पण बघा तर आधी! व्हिडिओ पाठवा म्हणाले, पाठवला. पंप पाठवा म्हणाले, कुरिअरचे पैसे माझे. १९ दिवसांनी पंप परत आला, सोबत कागद, 'दोष आढळला नाही', आणि तपासणीचे ५९० रुपये वेगळे. वर्षाची वॉरंटी असताना तपासायचे पैसे कसले? तीन वेळा भांडलो, उपयोग झाला नाही. आणि त्यात स्ट्रेनरचं झाकण तडकून आलं!

आता या झाकणाबद्दल सांगतो, कारण मला या पंपात सगळ्यात जास्त राग याचाच आहे. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक कप असलेली जाळी येते, रेती-कचरा त्यात अडकतो. कपाला फिरवून बसवायच्या दोन बारीक खाचा आहेत, त्यातली एक तुटली की संपलं, कप घट्ट बसत नाही आणि पंप पाण्याबरोबर हवा ओढतो. पाणी दुधासारखं पांढरं येतं, फुरफुर करत येतं. जेमतेम दोन बोटांचं प्लास्टिक, पण सुटं मिळत नाही, पूर्ण स्ट्रेनर घ्या म्हणे ६५० रुपयांचा. इतवारीत लोहाओळीपासून सगळी दुकानं पायाखाली घातली, त्या मापाचं काही नाही. शेवटी ६५० दिले. ४,८०० च्या पंपात ५० रुपयांचं झाकण सुटं ठेवता येत नाही का?

तर पंप चांगला आहे असा कागद हातात, आणि धार तर जाऊन राहिली. मग मी वायरिंगच्या मागे लागलो, आणि इथे खरंच एक चूक सापडली. बॉडीवाल्याने बॅटरीपासून पंपापर्यंत दीड एमएमची वायर टाकली होती, जायचं-यायचं मिळून १२ मीटर. पंप चालू असताना मल्टिमीटर लावला तर बॅटरीवर १२.५ आणि पंपाच्या टोकांवर ११.३. सव्वा व्होल्ट वायरच खाऊन राहिली होती! ४ एमएमची वायर टाकली, पंपावर १२.१ मिळाले आणि बादली १ मिनिट ५ सेकंदांवर आली. १५ सेकंद नुसत्या वायरने! ज्यांचा पंप रात्री मंद वाटतो त्यांनी पंप चालू ठेवून पंपावरच व्होल्टेज बघा, बंद असताना सगळं बरोबरच दिसतं. पण दुसऱ्या बादलीचा आजार तसाच राहिला.

या काळात मला बऱ्याच जणांनी सल्ला दिला की मोठा पंप घे, ८० पीएसआयचा. घेणार पण होतो. मग बसून हिशोब केला. १० फूट उंचीच्या पाण्याचा दाब होतो ४.३ पीएसआय. म्हणजे घरी गच्चीवरच्या टाकीतून खालच्या मजल्यावर फार तर १०-१३ पीएसआय येतात आणि आपण आयुष्यभर त्यावर आंघोळ करतो. ५५ पीएसआय म्हणजे सव्वाशे फुटांवर टाकी ठेवल्यासारखं आहे. दाब कमी नव्हताच, पाणी कुठेतरी अडून राहिलं होतं. अडलेल्या जागी दाब वाढवला तर जोड सुटतात, पाणी वाढत नाही.

जोड सुटण्याचा अनुभव पण घेतला आहे. काटोलकडे मित्राची संत्र्याची बाग आहे, तिथे जानेवारीत मी गाडीचा बाहेरचा पाइप सरळ त्याच्या बोअरच्या लाइनला जोडला होता. दोन मिनिटांत सिंकखालची क्लिप उडाली, गादीपर्यंत पाणी. त्या दिवसापासून बाहेरच्या लाइनला प्रेशर कमी करायचा व्हॉल्व्ह आणि दाब दाखवणारं घड्याळ लावल्याशिवाय जोडत नाही, व्हॉल्व्ह ४० पीएसआयवर सेट केला आहे.

आणि त्याच मित्राने शेवटी हा रोग पकडला. मागच्या आठवड्यात बागेतच गाडी लावली होती, दुसऱ्या बादलीला धार बारीक झाली, मी पंपाशी वाकून बसलेला. तो आला, दोन मिनिटं आवाज ऐकला आणि म्हणाला, "अबे, टाकीले हवा कुठून भेटून राहिली?" मी म्हटलं वरून एक व्हेंटचा, म्हणजे हवा आत-बाहेर जायचा पाइप आहे ना. त्याने बाहेरून टाकीत पाणी भरायचं झाकण फिरवलं. फस्सऽऽ करून हवा आत गेली, बेडखाली टाकीने धप्प आवाज केला, आत चेपलेली बाजू बाहेर आली, आणि नळाला पूर्ण धार! मी नुसता बघत राहिलो. त्याला हे ठिबकमुळे माहीत. ठिबकच्या लाइनवर एअर व्हॉल्व्ह यासाठीच असतो, मोटर बंद झाली की पाइपात पोकळी होते आणि ड्रिपर बाहेरची माती आत ओढून घेतात.

व्हेंटचा पाइप गाडीच्या खाली चाकामागे निघतो, १० एमएमचा. सायकलची तार घातली तर अर्ध्या बोटावर अडली. खरवडली, लालसर कडक माती पडली आणि तिच्यातून दोन वाळलेले कोळी. कुंभारीण! मातीचं घर करणारी ती माशी, पिल्लांसाठी आत कोळी भरून तोंड लिंपून टाकते. आमच्या मोरीचं पाणी तिथेच खाली पडतं, चिखल तिला हाताशीच.

मग सगळं जुळलं. मिनिटाला १० लिटर पाणी बाहेर जाणार तर १० लिटर हवा आत यायला पाहिजे. नाही आली तर टाकी आधी चेपते, म्हणून पहिली बादली नीट, दुसरीला पंप त्या पोकळीशी ओढाताण करतो. घरी धार मस्त का, तर घरी पाणी भरायला झाकण उघडं असायचं. सर्व्हिसवाल्यांनी पंप एकटा तपासला, तो चालणारच. पंपाच्या बाबतीत ते बरोबर होते हे मी मान्य करतो. पण चार वेळा फोन झाले, त्यात एकानेही "टाकीचं झाकण उघडून बघा" म्हटलं नाही, तेवढ्याने माझे १९ दिवस, कुरिअर आणि ५९० वाचले असते.

त्यामुळे आता धार कमी झाली की झाकण आधी उघडा. उघडल्यावर धार आली तर व्हेंट. सुरुवातीपासूनच फुरफुर आणि पांढरं पाणी असेल तर स्ट्रेनर किंवा ओढायच्या पाइपाचा जोड. एकाच नळाला कमी असेल तर त्या नळाची जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, बोअरच्या पाण्याने महिन्या-दोन महिन्यांत पांढरी खपली धरते.

मी व्हेंट आता अर्ध्या इंचाचा केला, तोंडाला नायलॉनची जाळी बांधली. मित्राच्या सांगण्यावरून ठिबकचा १२० मेशचा (बारीक जाळीचा) फिल्टर पण आणला, आधी तो पंपाच्या ओढायच्या बाजूला लावला होता ती चूक झाली, इतकी बारीक जाळी पंपाला ओढवत नाही. आता टाकी भरायच्या पाइपाला लावला आहे, कचरा टाकीतच जात नाही. रात्री थोडासा नळ सोडला की पंप टर्र-टर्र बंद-चालू व्हायचा, त्यासाठी १ लिटरचा अ‍ॅक्युम्युलेटर, म्हणजे आत हवा भरलेली आणि लाइनमधला दाब धरून ठेवणारी छोटी टाकी, टाकला. पंप ४० पीएसआयला परत चालू होतो म्हणून सायकलच्या पंपाने त्यात ३६ पीएसआय हवा भरली, पाण्याची लाइन रिकामी करूनच भरायची. आता आई झोपमोड होते म्हणत नाही.

परवा परत सिल्लारीला गेलो, लागोपाठ तीन बादल्या, १ मिनिट २, १ मिनिट ३, १ मिनिट ३. पंपाला ४ स्टार. सर्व्हिसला १. आणि ते स्ट्रेनरचं झाकण कुणाला सुटं मिळालं असेल, नागपुरात किंवा कुठेही, तर दुकान सांगा, मी दोन घेऊन ठेवतो.