अत्यावश्यक औषधांची ऑनलाइन यादी: शिकवायला झकास
नर्सिंगच्या मुलींना औषधशास्त्र शिकवते. शिकवणारी माणसं कमी, त्यामुळे दुसऱ्यांचे तासही माझ्याच गळ्यात. अशात जागतिक आरोग्य संघटनेची ही यादी हाताशी आली. १९७७ पासूनची, दर दोन वर्षांनी सुधारली जाणारी, आणि फुकट. प्रतिजैविकांचे गट तर फारच सोयीचे: अमॉक्सिसिलिन ‘ॲक्सेस’मध्ये (नेहमीच्या संसर्गांना आधी वापरायची), सिप्रोफ्लॉक्सासिन ‘वॉच’मध्ये (जपून वापरायची), लिनेझोलिड ‘रिझर्व्ह’मध्ये (शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायची). फळ्यावर तीन रकाने काढले की अर्धा तास निघतो!

तीव्र वेदनांवरचं मॉर्फिन शोधलं की गोळी, इंजेक्शन, किती मिलिग्रॅमचं ते सगळं समोर. पण यादीत आहे म्हणून कपाटात असतं थोडंच? ‘मॅडम, हे मिळतं कुठे?’ असं मुली विचारतात तेव्हा मी गप्प. तो दोष यादीचा नाही म्हणा. तयारीला वेळ नसणाऱ्या शिक्षकांनी जरूर वापरावी. पाचपैकी चार.