लघवीच्या गळतीचं ऑपरेशन टिकलं नाही, त्यानंतर वर्षभर काय काय वापरलं

खोकलं, शिंकलं की लघवी गळते म्हणून मी टेपचं ऑपरेशन करून घेतलं होतं, काही वर्षं अगदी छान गेली आणि मग हळूहळू परत सुरू झालं. गेलं वर्षभर पॅड, पुल-अप, धुवायच्या निकर, पेसरी (योनीत बसवायची रिंग), गोळ्या, फिजिओथेरपी असं सगळं वापरून झालंय, काही अजून चालू आहे. मी शोधत होते तेव्हा एक तर "कीगल करा" (लघवी अडवणारे खालचे स्नायू आवळायचा व्यायाम) एवढंच मिळायचं नाहीतर ऑपरेशनच्या जाहिराती, ऑपरेशन करूनही ज्यांचं परत सुरू झालंय त्यांनी रोजचा दिवस कसा काढायचा हे कुठेच सापडत नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय. मी नाशिकची, वय साठीला टेकलंय, दोन नॉर्मल डिलिव्हरी, दुसरं बाळ चांगलंच वजनदार होतं.

आधी ऑपरेशनबद्दल, म्हणजे गैरसमज नको. मूत्रमार्गाखाली जाळीची बारीक पट्टी झोळीसारखी टाकतात, खोकताना पोटातला दाब खाली आला की ती आधार देते. हे तंत्र १९९०च्या दशकात स्वीडनमध्ये निघालं आणि ज्यांना मानवतं त्यांचं खरंच टिकतं, १७ वर्षांनी तपासलेल्या बायकांतही दहातल्या नऊ जणी तपासणीत कोरड्या होत्या असा अभ्यास आहे. दुसरीकडे जाळीमुळे दुखणं, जखम होणं असे त्रास झाल्यामुळे इंग्लंडमध्ये २०१८ साली हे ऑपरेशन सरसकट करणं थांबवलं. मला जाळीचा तसला त्रास झाला नाही. पण पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा पातळ होते, त्यात माझा खोकला एका हिवाळ्यात लांबला, वजनही वाढलेलं, आणि शिवाय एक नवीनच प्रकार सुरू झाला, घाईचा. म्हणजे लघवीला लागलंय असं वाटेपर्यंत निघालेलीच असते, दाराची कडी काढेपर्यंत दम नाही. टेप फक्त खोकल्याच्या गळतीवर असते, घाईच्या गळतीचं कारण लघवीच्या पिशवीचे स्नायू मध्येच आवळणं हे असतं, त्यावर टेपचा उपयोग नाही, उलट काही जणींना टेपनंतरच घाई सुरू होते. माझं दोन्ही मिसळून आहे हे तीन दिवसांची डायरी लिहिल्यावर आणि युरोडायनॅमिक तपासणी (पिशवी भरताना आणि रिकामी होताना आतला दाब मोजतात ती) केल्यावर कळलं. ही डायरी म्हणजे किती प्यायलं, किती वाजता गेलो, मापात किती झाली, कधी गळलं एवढंच लिहायचं असतं, वहीचं एक पान पुरतं, पण त्यावरूनच पुढची ट्रीटमेंट ठरते. तुमचं परत सुरू झालं असेल तर पहिलं काम हे करा, कारण दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

आता पॅड. बहुतेक बायका सॅनिटरी पॅडवरच भागवतात, मेडिकलमध्येही तेच हातात देतात. पाळीचं रक्त घट्ट असतं, सावकाश येतं. लघवी पातळ आणि एकदम येते, त्यामुळे ती पॅडच्या वरून वाहून कडेने परकरात उतरते. लघवीसाठी म्हणून जे पॅड मिळतात त्यात जेल होणारी पावडर असते, सोडियम पॉलिअक्रिलेट, ती ओल ओढून धरते, बसलं तरी परत वर येत नाही आणि वासही कमी येतो. फरक पहिल्या दिवशीच कळतो. आमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये हे पॅड मिळायचे नाहीत आणि चार माणसांसमोर मागायचा संकोच वेगळाच, म्हणून मी गोळे कॉलनीत जायला लागले, तिथे औषधांची होलसेल दुकानं आहेत, पूर्ण बॉक्स घेतला की दर उतरतो आणि तिथे कोणी वळूनसुद्धा बघत नाही, रोजचाच माल आहे त्यांचा.

पुल-अप म्हणजे चड्डीसारखं घालायचं डायपर. रात्रीसाठी याला तोड नाही, मी कित्येक महिन्यांनी सलग झोपले ते पुल-अपमुळे, गादीवर प्लॅस्टिक अंथरणं बंद झालं. पण माप कमरेचं आणि सीटचं टेपने घ्या, "जरा मोठंच असू दे" म्हणून सैल घेतलं की मांडीपाशी फट राहते आणि कुशीवर झोपलं की तिथूनच गळतं. आतल्या बाजूला मांडीशी उभी झालर असते ती घातल्यावर बोटाने बाहेर काढायची, दुमडून आत राहिली तर कितीही महागाचं घ्या, उपयोग नाही.

प्रवासाला मात्र पुल-अप घालू नका असं मी सांगेन, विशेषतः साडी नेसत असाल तर. काढायला सोपं आहे, दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडल्या की निघतं. पण नवीन घालायला पाय वर करून एकेक पाय घालावा लागतो, आणि स्टँडवरच्या संडासात जमीन ओली, पर्स टांगायला खिळा नाही, साडी कमरेशी खोचलेली, एका हाताने दार धरलेलं, तिथे चप्पल काढून एका पायावर उभं राहणार कसं? पुण्याला लेकीकडे जाताना मी घट्ट निकर आणि त्यात मोठा पॅड असं जाते, पॅड उभ्या उभ्या बदलता येतो. सिन्नर सोडलं की बस कुठे थांबेल ते ड्रायव्हरवर असतं, म्हणून बसायच्या आधीच विचारून घेते, आता लाज वाटत नाही. कडेची सीट, पिशवीत दोन पॅड, एक जास्तीचा परकर, काळी पिशवी आणि ओले टिश्यू एवढं कायम भरलेलं असतं.

खर्च मोठा आहे हे खरंच. चांगलं पुल-अप एकेक चाळीस-पन्नास रुपयांना पडतं, रोज रात्री एक धरलं तरी महिन्याला बाराशे-पंधराशे गेले, पॅड वेगळे. सप्टेंबर २०२५ मध्ये क्लिनिकल डायपरवरचा, म्हणजे मोठ्यांच्या डायपरवरचा, जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, बरं झालं, पण सॅनिटरी पॅडवर २०१८ पासून कर नाही मग यावर पाच टक्के तरी कशाला? म्हातारपणी हे कोणी हौसेने वापरत नाही.

खर्च कमी करायला धुवायच्या निकर घेतल्या, मध्ये शोषणारे थर शिवलेल्या असतात. घरात, थोडीशी गळती असताना, सलवारखाली उत्तम, आणि मनाला बरं वाटतं कारण दिसायला साधी चड्डीच असते. पण पावसाळ्यात त्या दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि दमट राहिल्या की कुबट वास धरतात. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, शोषणं कमी होतं.

त्वचेबद्दल एक. ओला पॅड "अजून थोडा चालेल" म्हणून ठेवला की जांघेत लाल होतं, आग होते. साध्या पाण्याने धुऊन, टिपून कोरडं करून झिंक ऑक्साइडचं क्रीम अगदी पातळ लावायचं, जाड थापलं तर ते पॅडला चिकटतं आणि पॅड ओल ओढत नाही. वापरलेले पॅड कागदात नीट गुंडाळून वेगळे द्यायचे, घनकचऱ्याच्या नियमातही तेच सांगितलंय, आणि घंटागाडीवरच्या माणसांना ते उघड्या हाताने निवडायला लागू नये एवढं तरी आपण करूच शकतो.

पेसरीबद्दल आपल्याकडे फारच कमी बायकांना माहिती आहे. सिलिकॉनची रिंग असते, गळतीसाठीच्या रिंगला एका बाजूला फुगीर गाठ असते, ती मूत्रमार्गाखाली बरोबर बसली की खोकताना आधार मिळतो. डॉक्टर माप बघून बसवतात, माझी पहिली रिंग टोचत होती, दुसरी बदलून दिली ती बसलीय हे जाणवतसुद्धा नाही. सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जाताना घालते, लग्नकार्याला घालते, रात्री काढून धुऊन ठेवते. वणीच्या गडावर या वेळी ट्रॉलीने न जाता पायऱ्या चढून गेले, आणि खाली येईपर्यंत पॅड जवळजवळ कोरडा होता. बोटांना संधिवात असेल तर स्वतः घालणं-काढणं अवघड जातं, आणि रक्त दिसलं किंवा वास येणारा स्राव सुरू झाला तर लगेच दाखवायचं. घाईच्या गळतीला मात्र तिचा उपयोग नाही.

व्यायाम मी आधीही करत होते पण फिजिओच्या मुलीने हात लावून बघितलं आणि म्हणाली, "काकू, तुम्ही पोट आवळताय, श्वासही धरताय. गॅस अडवतो ना आपण चारचौघात, तिथून सुरू करा आणि वर ओढा." मग कुठे बरोबर जागा सापडली. आठ वेळा आवळायचं, जमेल तितके सेकंद धरायचं, तेवढंच सैल सोडायचं, असं दिवसातून तीनदा आणि निदान तीन महिने, त्याआधी निकाल बघायचाच नाही. रोजच्या कामाची युक्ती म्हणजे शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं आणि मग शिंकायचं, भरलेला कुकर उचलतानाही तसंच. आणि घाई आली की पळायचं नाही! आहे तिथे थांबायचं, पटापट चार-पाच वेळा आवळायचं, लाट ओसरू द्यायची, मग चालत जायचं. हे पहिल्यांदा अशक्य वाटतं, पण माझा घाईचा त्रास सगळ्यात जास्त यानेच कमी झाला.

घाईवरच्या गोळ्यांमध्ये पहिली दिली तिने तोंड इतकं कोरडं पडायचं की भाकरी गिळवत नव्हती, बद्धकोष्ठही झाला, आणि पोट साफ नसलं की गळती वाढतेच. मग मिराबेग्रॉन दिली, तोंड कोरडं होत नाही, बीपी मात्र तपासत राहावं लागतं. त्यासोबत जागेवर लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलंय, त्यानेही आग आणि घाई कमी झाली. ही सगळी डॉक्टरांनी बघून द्यायची औषधं आहेत, शेजारणीची चिठ्ठी घेऊन आणू नका.

पाणी कमी पिणं हा आपल्या बायकांचा ठरलेला उपाय, कार्यक्रमाला जायचं तर सकाळपासून घोटभरही नाही. त्याने लघवी कडक होते, पिशवीला आणखी चिडवते, इन्फेक्शन होतं ते वेगळंच. मी पाणी कमी केलं नाही, चहा कमी केला, चारचे दोन कप, आणि रात्रीच्या जेवणानंतर पाणी घोटभरच. नाशिकच्या थंडीत घाई वाढते हेही लक्षात आलंय, डिसेंबर-जानेवारीत गरम पायजमा आणि पायमोजे घालून झोपते. सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ते खोदलेले आहेत, ह्यांच्या स्कूटरवर मागे बसलं की प्रत्येक खड्ड्याला परीक्षा, त्या दिवशी रिंग घालूनच निघते.

एक मनाची गोष्ट पण लिहायलाच हवी. मी देवपूजा सोडली होती, अंगाला लघवी लागलेली असताना सोवळं कसलं, असं वाटायचं. काळ्या-निळ्या साड्याच नेसायचे, हळदीकुंकवाला जाणं बंद, कोणी जवळ बसलं की वास येतोय का याच विचारात. सुनेनेच एके दिवशी विचारलं, "आई, तुम्ही हल्ली कुठेच येत नाही, काही होतंय का?" मी सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, मलाही डिलिव्हरीनंतर खोकताना होतं, मला वाटलं सगळ्यांचं असंच असतं. आता आम्ही दोघी तोच व्यायाम करतो. पूजा मी पुन्हा सुरू केलीय, हे दुखणं आहे, त्यात विटाळ कसला? पण तरुण मुलींना कळकळीने सांगते, बाळंतपणानंतर होतंय ते चालायचंच म्हणून सोडू नका, तेव्हा स्नायू लवकर सुधारतात.

आज माझी गळती पूर्ण थांबलेली नाही. दिवसा पातळ पॅड लागतोच, सर्दी झाली की मोठा लागतो, रात्री पुल-अप बहुतेक वेळा सकाळी कोरडं निघतं. दुसऱ्या ऑपरेशनचं विचारलं होतं, स्वतःच्याच शरीरातला, स्नायूवरच्या चिवट पडद्याचा तुकडा काढून झोळी करता येते, मूत्रमार्गाच्या भिंतीत इंजेक्शन देता येतं पण ते परत द्यावं लागू शकतं, आणि घाईसाठी पिशवीत बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल पाडणारं इंजेक्शन, त्याचाही परिणाम काही महिनेच टिकतो आणि काही जणींना नंतर नळी घालून लघवी काढावी लागते, असं सगळं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. त्यांनी घाई केली नाही हे मला आवडलं. मी सध्या थांबा म्हटलंय. उन्हाळ्यात परत डायरी लिहायचीय आणि लघवी झाल्यावर पिशवीत किती उरते त्याची सोनोग्राफी करायचीय, ती बघून पुढचं ठरवू. पेसरीच्या मापाबद्दल किंवा रात्रीच्या पुल-अपबद्दल कोणाला विचारायचं असेल तर नक्की विचारा, मला जेवढं माहितीये तेवढं सांगेन.