‘गिअरिंग तुमचं चुकलंय, दादा’ : माझे २५,४१० रुपये कसे गेले

चाकणच्या एका कारखान्यात मी गेली १७ वर्षं गिअर तपासतोय. दात मोजणं, प्रोफाइल बघणं, रनआउट काढणं, यावरच घर चालतं. आणि मलाच एका माणसाने गिअर रेशो शिकवता शिकवता २५,४१० रुपयांची टोपी घातली. लिहिताना अजून कान गरम होतात. पण आपल्या रिमोटच्या गाड्यांच्या छंदातल्या आणखी दोघांचं त्याच माणसाशी बोलणं सुरू आहे असं परवा कळलं, म्हणून लाज गुंडाळून ठेवली.

गाडी रिमोटवर चालणारी, टामियाची टीटी-०२. किटमधली ब्रशवाली मोटर काढून १३.५ टर्नची (टर्न म्हणजे तारेचे वेढे) सेन्सर्ड ब्रशलेस, म्हणजे बिनब्रशची मोटर टाकायची, एवढीच इच्छा. नवा संच बाहेरून मागवला की ड्युटी आणि कुरिअर धरून आकडा कुठे जातो, ते इथे कुणाला सांगायला नको. त्यामुळे व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘फक्त तीन रेस वापरलेली’ मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) १४,५०० ला दिसल्यावर मी उडी मारली. हाव होती, कबूल. पण अगदीच आंधळेपणा नव्हता. माणूस वर्षभर ग्रुपवर होता, नवख्यांच्या शंकांना रात्री अकरालाही उत्तरं द्यायचा. असा माणूस चोर असेल असं तुम्हाला तरी वाटलं असतं का?

हिशोब देतो. मोटर आणि ईएससी १४,५००. ‘ट्रॅकप्रमाणे गिअर पॅकेज’, म्हणजे सहा पिनियन (मोटरवरचे छोटे गिअर) आणि दोन स्पर (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर), ३,२००. ‘पर्सनल सेटअप फी’ २,५००. कुरिअर ३५०. झाले २०,५५०. उरलेल्या ४,८६० वर नंतर येतो, तो वेगळाच गाढवपणा आहे.

आता तो क्षण. पैसे पाठवायच्या आदल्या रात्री त्याचा फोन. "दादा, तुमचा फायनल ड्राइव्ह आत्ता ३.१८ आहे. तो आपण २.८ वर आणू, गाडी नुसती पळेल."

स्पर ७० दातांचा, पिनियन २२ चा. ७० भागिले २२, ३.१८. भागाकार बरोबर, पण तो फायनल ड्राइव्ह नव्हेच! फायनल ड्राइव्ह म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे किती फेरे. या गाडीच्या आतल्या गिअरचा रेशो २.६ आहे. त्याने गुणलं की ८.२७ येतो, तोच खरा आकडा. पंचविसाचा पिनियन लावला तर २.८ गुणिले २.६, म्हणजे ७.२८. पहिल्यांदा किट जोडणाऱ्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी विचारलंही, "आतला २.६ धरायचा ना?" तो हसला. "रेसवाले सगळे असंच बोलतात, दादा." आणि मी, १७ वर्षांचा गिअरवाला, "हो का" म्हणून गप्प बसलो! का, तर मी कधी रेस खेळलेलो नाही आणि आपण अडाणी दिसू अशी भीती वाटली. तिथेच फोन ठेवायला हवा होता. ज्याला स्वतःच्या तोंडच्या रेशोचा अर्थ कळत नाही त्याच्याकडून मोटर घेऊ नका. आतला रेशो किती, हा पहिलाच प्रश्न विचारा.

दुसरी खूण व्हिडिओत होती. गाडी स्टँडवर, चाकं हवेत, आणि मीटरवर केव्ही (एका व्होल्टला मोटरचे मिनिटाला किती फेरे) ३,७५०. १३.५ ची मोटर साधारण तीन हजारांच्या आसपास असते. मला वाटलं, वा, काय तगडी मोटर आहे! उलटं असतं हो. रोटरचं, म्हणजे मोटरच्या आत फिरणाऱ्या भागाचं चुंबक उष्णतेने कमजोर झालं की मोकळी मोटर जास्तच जोरात फिरते. टॉर्क मात्र जातो, करंट वाढतो आणि मोटर तापते. शिवाय मागच्या झाकणावरचं टायमिंग (ते वाढवलं की मोकळी मोटर आणखी जोरात फिरते) त्याने जवळपास टोकाला नेऊन ठेवलं होतं, तेही माल हातात आल्यावर दिसलं. चाकं हवेत फिरवलेल्या व्हिडिओवर दमडीसुद्धा देऊ नका. गाडी जमिनीवर चार मिनिटं पळवायला लावा आणि लगेच मोटरच्या डब्यावर टेम्परेचर गन धरायला सांगा.

रविवारी सकाळी कंपनीच्या मोकळ्या पार्किंगमध्ये गाडी काढली. पिनियन पंचवीस. चार मिनिटांत ९६ अंश, वर जळक्या वार्निशचा वास. फोन केला. "गिअरिंग तुमचं चुकलंय, दादा. पिनियन उतरवा." माझा आधीचा बावीस लावला, ९४ अंश. "अजून उतरवा." माझ्याकडचा एकोणीस लावला, म्हणजे ९.५८. गाडी बैलगाडीसारखी चालायला लागली, तरी ९० अंश. पिनियन लहान केला की मोटरवरचा भार कमी होतो आणि ती थंड राहते, हे या छंदातलं बाराखडीतलं ज्ञान. धडधाकट १३.५ तर ७.२८ ला जेमतेम कोमट व्हायला हवी. तरी आठवडाभर मी माझीच चूक शोधत होतो. मेश (दोन गिअरच्या दातांमधली पकड) सैल केला, बेअरिंग धुतली, टायमिंग खाली आणलं.

त्याची युक्ती हीच. ‘सात दिवस वॉरंटी, पण मी सांगितलेलं गिअरिंग असेल तरच.’ आणि पिनियन कितीचा ते त्याने एकदाही लिहून दिलं नाही, सगळं फोनवर. म्हणजे मोटर जळकी निघाली की गिअरिंग चुकलं, आणि गिअरिंग कुणाचं, तर तुमचं. मेसेजवर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर कळलंच.

पॅकेजमधल्या सहापैकी चार पिनियन ४८ पिचचे निघाले. पिच आणि मॉड्यूल ही दाताच्या आकाराची मापं, ती जुळली नाहीत तर गिअर एकमेकांत बसत नाहीत. माझी गाडी मॉड्यूल ०.६ ची. बावीसचा म्हणून दिलेला पिनियन व्हर्नियरमध्ये धरला तर बाहेरचा व्यास १२.७ मिलिमीटर. ०.६ ला तो १४.४ हवा. हे मोजायला मला पाच सेकंद लागतात, रोज तेच करतो. पण ते मोजलं कधी? त्या पिनियनने प्लास्टिकच्या स्परचा भुसा केल्यावर.

शेवटी एका मित्राने त्याच्या चांगल्या मोटरचा रोटर काढून दिला. रोटर बदलला, बाकी सगळं तेच, पिनियन पंचवीस. ५८ अंश! दोन्ही रोटर बोटाने फिरवून पाहिले. मित्राचा प्रत्येक खाचेला ठाम अडत होता, म्हणजे चुंबक जिवंत; माझा तुपात फिरल्यासारखा.

हे सांगितल्यावर मोटर विकणारा गडी एकदम मऊ झाला. "मान्य, रिप्लेसमेंट देतो." दोन दिवसांनी फोटो आला, पार्सल हाँगकाँगहून निघालंय. मग पार्सल कस्टमला अडकलं, ४,८६० भरा, पोचलं की परत देतो. पुढचं तुम्हाला सांगायला नकोच. पण माझी बाजू ऐका. गेल्या वर्षी बॉडीशेलवर (गाडीच्या वरच्या कवचावर) मी खरोखर ड्युटी भरली होती, आकडाही पटण्यासारखा होता. मात्र तेव्हा पैसे कुरिअर कंपनीला दिले होते, पावतीसह. इथे यूपीआयवर नाव तिसऱ्याच बाईचं आलं आणि मी तरीही पिन दाबला. त्या संध्याकाळपासून नंबर बंद.

घरी सांगायला आणि तक्रार करायला मी अकरा दिवस लावले. तुम्ही असं करू नका, पैसे गेले की त्याच तासात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. मी आधी चौकीत गेलो. ड्युटीवरच्या हवालदारांनी सगळं ऐकून विचारलं, "रिमोटच्या गाडीला पंचवीस हजार? पोराची आहे का?" मी म्हटलं, माझीच. त्यांनी शेजारच्याकडे पाहिलं, दोघं हसले. मग, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." कस्टमच्या पैशांबद्दल बोललो तर "ते सायबरकडे." सायबरवाले म्हणाले, आधी तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात नोंद करा. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय, एफआयआरची प्रत आणा. ठाणं म्हणालं, बँकेचं पत्र आणा. तीन रजा गेल्या. चौथ्या फेरीत अर्ज घेतला, त्यात लिहिलं, ‘खेळण्यातील मोटार व ब्रश यांचे खरेदीत फसवणूक’. मी म्हटलं साहेब, ब्रश नाही, ब्रशलेस. ते म्हणाले, "एकच ते." एकच? ब्रश असता तर चौदा हजार कशाला दिले असते? ग्राहक आयोगाचं विचारलं. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, हे बरं. पण वकील मित्र म्हणाला, घरातली जुनी वस्तू विकणारा व्यापारी ठरत नाही, त्यामुळे तो नियमित धंदा करतो हे तुला दाखवावं लागेल. दाखवणार कशाने? ग्रुपमधून तो बाहेर पडला आणि त्याच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट मी काढलेच नव्हते. स्क्रीनशॉट पहिल्या दिवसापासून काढत चला, भांडण व्हायची वाट बघू नका.

बायको फार बोलली नाही. सासरे मात्र जेवताना म्हणाले, "जावईबापू, कंपनीत गिअर पास करताना तरी नीट बघता ना?"

काल दुसऱ्या एका ग्रुपवर जाहिरात दिसली. वेगळं नाव, वेगळा नंबर, किंमत १२,००० आणि ‘फक्त दोन रेस वापरलेली’. फोटोत पिवळं प्लास्टिकचं टेबलक्लॉथ, मोटरच्या डब्यावर डावीकडे नखाएवढा निळसर डाग. तो डाग मी ओळखतो. ती मोटर आत्ता माझ्या कपाटात आहे.