बोर्डगेमचे ट्रे : लेसरवर कापून घ्यावेत की थ्रीडी प्रिंट करावेत?

बोर्डगेमच्या डब्यात आपल्या मापाचे कप्पे हवे असतील तर नाशिकमध्ये दोन वाटा आहेत. नेमप्लेट-ट्रॉफ्या करणाऱ्यांकडून ३ मिमी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) लेसरवर कापून घ्यायचं, नाहीतर घरच्या थ्रीडी प्रिंटरवर ट्रे काढायचे. मी दोन्ही केलंय.

वेगात लेसरला तोड नाही. फाइल दिली की समोर उभं राहून अख्खा सेट घेऊन येता येतं. प्रिंटरवर एक खोल ट्रे म्हणजे रात्रभराचं काम. मध्येच लाइट गेली तर, प्रिंटरमध्ये ती सोय असल्यास, प्रिंट पुढे सुरू होतो, पण त्या जागी भिंतीवर रेघ उमटू शकते. ती मला खपते.

खपली नाही ती काजळी. लेसर एमडीएफ जाळतच कापतो, त्यामुळे प्रत्येक कड काळी. कॅटन या बोर्डगेममध्ये पाच प्रकारची प्रत्येकी १९ कार्डं. ती खेळताना सारखी काढायची-घालायची. कार्डांच्या पांढऱ्या कडा हळूहळू करड्या व्हायला लागल्या आणि माझा जीव वरखाली झाला. मास्किंग टेप लावून कापलं तर वरचा पृष्ठभाग स्वच्छ राहतो, कड काळीच. ओल्या फडक्याने पुसावं तर एमडीएफ फुगतं. लॅकर (वार्निशसारखा लेप) मारला की काजळी सुटत नाही हे खरं, पण त्याचा थर चढल्यावर मापात कापलेल्या खाचा एकमेकींत जाईनात. अ‍ॅक्रिलिकला ही अडचण नाही, मात्र पातळ भिंती तडकतात. पीव्हीसी शीट मात्र कुणालाही लेसरवर कापायला सांगू नका, त्यातून घातक वायू निघतो.

प्रिंटमध्ये काजळीचा प्रश्नच नाही. प्रिंटरचा दुसरा फायदा वापरल्यावरच कळतो. टोकनच्या कप्प्याचा तळ वाटीसारखा गोल करता येतो; बोट फिरवलं की टोकन वर येतं. सपाट फळ्यांच्या कप्प्यात ते कोपऱ्यात चिकटून बसतं, नखाने उचकावं लागतं.

एकाच खेळाचा ट्रे हवा असेल आणि कार्डांना स्लीव्ह (प्लास्टिकची पारदर्शक पाकिटं) असतील, तर लेसर बहुधा पुरेसा आहे. उघडी कार्डं असतील तर मी प्रिंटच म्हणेन. फक्त पीएलए, म्हणजे प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक, ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, तेव्हा मे महिन्यात डबा उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका. आणि पुढेमागे स्लीव्ह घालणार असाल तर कप्प्याचं माप आत्ताच त्या हिशोबाने धरा.