२२ मिमीचा मागचा स्वे बार आणि ३० मिमी खाली बसणाऱ्या स्प्रिंगा: मुंबईत आठ महिने

स्वे बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, वळणात गाडीचं झुकणं कमी करणारी पोलादी कांब. हा बार गाडीत राहिला, गाडी ३० मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा पाचव्या महिन्यात काढल्या. मुंबईत रोज चालणाऱ्या फ्रंट व्हील ड्राइव्ह सेडानला वळणावर पकड हवी असेल, तर पैसे आधी चांगल्या टायरवर आणि मग मागच्या बारवर घाला.

मूळचा मागचा बार १९ मिमीचा, भरीव. बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे भरीव २२ मिमीचा बार सुमारे ८० टक्के जास्त ताठ होतो. मूळ बार पोकळ असेल तर हा हिशेब लागू नाही. बारने पकड पैदा होत नाही, तिची वाटणी बदलते. वळणात भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो, आणि टायरवरचा भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही. म्हणून ज्या ॲक्सलवर (पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीवर) अशी भाराची बदली जास्त, त्याची एकूण पकड कमी. मागचा बार ताठ केला की या बदलीचा मोठा वाटा मागे जातो आणि पुढचं आतलं चाक रस्ता धरून ठेवतं. बोरघाटात जुन्या रस्त्याच्या वळणांवर हे हाताला लगेच कळतं: नाक बाहेर पळत नाही, वळणाच्या मध्यात स्टिअरिंग आणखी कापावं लागत नाही.

शहरात मिश्र अनुभव. पूर्ण रुंदीच्या गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम चढतात, बारला पीळच बसत नाही, त्यामुळे धक्का वाढत नाही. पण एकच चाक मॅनहोलच्या झाकणावर किंवा खचलेल्या पेव्हर ब्लॉकवर गेलं की बार पिळतो आणि गाडी डावी-उजवी डुलते. मागे बसणाऱ्या आईबाबांना हे जाणवणारच.

बसवताना मागची दोन्ही चाकं एकदम उचला आणि गाडी स्टँडवर ठेवा. एकच बाजू उचलली तर बारला पीळ राहतो, लिंक रॉडचा (बारचं टोक चाकाकडच्या भागाला जोडणाऱ्या छोट्या दांड्याचा) बोल्ट निघत नाही किंवा सुटताना झटक्यात सुटतो. लिंकच्या नटबरोबर बॉल जॉइंटची पिनही फिरते. तिच्या टोकाला ॲलन की लावून धरा आणि नट पान्याने फिरवा. गंजलेल्या नटावर आदल्या रात्री तेल मारा, नाहीतर ॲलनची खाच गोल होते आणि लिंक कापावी लागते. पॉलियुरेथेनच्या डी-बुशला (बारला गाडीखाली धरणाऱ्या डी आकाराच्या गादीला) सिलिकॉन ग्रीसच हवं. फिटरने लावलेलं साधं पिवळं ग्रीस पहिल्या पावसात धुऊन गेलं आणि प्रत्येक खड्ड्यावर कुईं-कुईं सुरू झालं. बार आडवा सरकू नये म्हणून बुशशेजारी कॉलर (बारवर घट्ट बसणारी कडी) घाला. सबफ्रेमचा (बार ज्या चौकटीवर बसतो तिचा) पत्रा पातळ असेल तर ब्रॅकेटमागे प्लेट लावायला विसरू नका. जाड बार तिथेच तडा पाडतो. ५०० किमीनंतर सगळे बोल्ट पुन्हा कसा.

आवाजावरून दोष ओळखता येतो. हळू वेगात बारीक खड्ड्यांवर टक-टक येत असेल तर बहुतेक लिंक रॉड. ताठ बार लिंकवर जास्त जोर टाकतो, त्यामुळे मूळच्या लिंका पावसाळ्याअखेर ढिल्या पडल्या. बारबरोबरच मजबूत लिंका घेतल्या असत्या तर मजुरी एकदाच पडली असती.

आता स्प्रिंगा. दिसायला गाडी झकास, चालवायला नाही. ग्राउंड क्लिअरन्स १६५ वरून १३५ मिमीवर आला. पोट वाचवायला गतिरोधक तिरका घ्यावा लागतो, आणि तिरका घेतला की बार पिळतो. म्हणजे बारचा एकमेव शहरी त्रास स्प्रिंगांमुळे रोजचा झाला. मूळचे शॉकअप ताठ स्प्रिंगला परत येताना आवरू शकत नव्हते, फ्लायओव्हरच्या प्रत्येक सांध्यानंतर गाडी दोनदा उसळायची. सगळ्यात वाईट म्हणजे शॉकअपची चाल कमी उरल्याने भर वळणात पुढचा बंप स्टॉप (चाल संपल्यावर टेकणारा ठोकळा) टेकायचा, ताठपणा एका क्षणात वाढायचा आणि पुढचं बाहेरचं चाक घसरायचं. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात असलेल्या सस्पेंशनमध्ये) लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा हात, आडव्या रेषेच्या वर तिरका झाला की बॉडी झुकताना कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत कलणं) मिळायचा तोही थांबतो. खाली बसलेली गाडी जास्त पकडते हे सरसकट खरं नाही.

आता १५ मिमी खाली बसणाऱ्या स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप आहेत. रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे कसले. हवेत कसले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ३०० किमी चालवून मग अलाइनमेंट केली: पुढे कॅम्बर उणे १ अंश, टो (चाकं पुढच्या बाजूला आत किंवा बाहेर वळलेली असणं) शून्य. टायरची आतली कड खाल्ली जाते ती मुख्यतः चुकलेल्या टोमुळे. बदल विमा कंपनीला लेखी कळवा, क्लेमच्या वेळी वाद नको.

बारच्या प्रत्येक टोकाला लिंक जोडायला दोन भोकं आहेत. टोकाच्या भोकावर भुजा (बारच्या वळलेल्या हाताची भोकापर्यंतची लांबी) २४० मिमी, आतल्यावर २२०. आतल्या भोकावर बार साधारण १९ टक्के जास्त ताठ. जूनपासून सप्टेंबरपर्यंत टोकाचंच भोक वापरा. ओल्या रस्त्यावर वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की ताठ बारमुळे मागची बाजू निसटते, आणि पहिल्या सरीत तेल वर आलेल्या रस्त्यावर ती सावरायला वेळ मिळत नाही. बदलायला अर्धा तास लागतो. दोन्ही बाजूंना एकच भोक आहे ना, ते चाकं लावण्याआधी टॉर्च मारून बघा.