निशी-कसाईतलं भांड्यांचं दुकान: सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

तोक्योतल्या निशी-कसाईत राहणाऱ्या आपल्या मंडळींना हिंग-डाळी कुठे मिळतात ते तोंडपाठ असतं. पण आतल्या गल्लीतल्या घरगुती भांड्यांच्या जुन्या दुकानात फारसं कुणी शिरत नाही. बाहेर झाडू नि बादल्या टांगलेल्या, आत दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आली की एकाने मागे सरायचं. गल्ल्यावर एक आजी. वस्तू उचलली की आधी विचारतात, काय करणार आहात हिच्यात?

सगळ्यात वसूल झालेली वस्तू म्हणजे सुरिबाची. आतून बारीक खाचा पाडलेला मातीचा खोलगट वाडगा, सोबत लाकडी बत्ता. हे भांडं मुळात तीळ वाटायचं, त्यामुळे भाजलेले तीळ, जवस, शेंगदाणे यांची चटणी अप्रतिम होते. मिक्सरमध्ये तिचा लगदा होतो, इथे दाणा दाताखाली येतो. बत्ता सानशोच्या लाकडाचा, साल तशीच ठेवलेली, गाठी हाताला लागतात. सानशो म्हणजे आपल्या तिरफळाचंच भावंड, हे कळल्यावर आमच्या मालवणी सासूबाईंनी बत्ता आधी हुंगून पाहिला! ओलं खोबरं मात्र यात वाटू नका, चोथा खाचांत अडकतो. वाटताना खाली ओलं फडकं ठेवायचं, नाहीतर वाडगा ओट्यावर फिरत बसतो.

खाचा साफ करायला तावाशी घ्याच. तारेला पिळलेला काथ्याचा गोल ब्रश. कामेनोको कंपनीचा तावाशी 1907 पासून निघतोय. आमचा अजून झिजलेला नाही, तव्यालाही तोच. नॉनस्टिकवर फिरवू नका.

दोनाबेबद्दल माझं मत जरा संमिश्र आहे. हे जपानातल्या इगा भागातल्या मातीचं जाड भांडं. ती माती बिवा सरोवराच्या प्राचीन तळातली, सच्छिद्र, म्हणून उष्णता धरून ठेवते. आधी त्यात पातळ पेज शिजवून छिद्रं बुजवायची. गॅस बंद केल्यावरही मुगाची खिचडी बराच वेळ रटरटत राहते, तळाची खरपुडी तर भांडणं लावणारी. पण कोरडं तापवायचं नाही, म्हणजे फोडणी वेगळ्या पळीत. बूड ओलं असताना आचेवर ठेवायचं नाही. धुतल्यावर खडखडीत वाळवायचं, इथल्या पावसाळ्यात हे जिकिरीचं होतं. शिवाय हिंग-लसणाचा वास मुरतो तो मुरतोच. आता आमचं भांडं फक्त खिचडीचं, साधा भात कुकरमध्ये. नोकरी सांभाळून रोजच्या स्वयंपाकाला मी तरी सुचवणार नाही.

शंभर येनच्या दुकानातही वाडगे मिळतात, पण मी पाहिलेल्यांच्या खाचा उथळ होत्या. इथे किंमत जास्त पडते. रोख पैसे न्या, कार्ड चालत नाही. घरी गॅसऐवजी आयएच, म्हणजे इंडक्शन, शेगडी असेल तर तेही आधीच सांगा, तिच्यावर साधं मातीचं भांडं तापत नाही. माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाने हातात घेतलेलं दोनाबे आजींनी परत फळीवर ठेवलं होतं.