नावकोश ॲपमधील ‘झैनब’: एक परीक्षण

मुलामुलींची नावे सुचवणाऱ्या एखाद्या ॲपची पारख करायची असेल, तर त्यात किती हजार नावे आहेत हे पाहण्यापेक्षा आपल्याला बऱ्यापैकी माहीत असलेले एकच नाव उघडून ती नोंद काळजीपूर्वक वाचावी, असे माझे मत आहे. सध्या वापरात असलेल्या अशाच एका ॲपसाठी मी ‘झैनब’ हे नाव निवडले.

शोधाची सोय उत्तम आहे. ‘जैनब’, ‘झैनाब’ किंवा तुर्की वळणाचे ‘झेयनेप’ असे काहीही लिहिले तरी नेमकी तीच नोंद उघडते. तुर्कस्तानात हे नाव अनेक वर्षे नवजात मुलींच्या नावांत अग्रस्थानी राहिले आहे, हे मात्र तेथे सांगितलेले नाही. अर्थ म्हणून एका सुगंधी झाडाचा उल्लेख करून नोंद पुढे सरकते. पालकांना तेवढे पुरते.

खरी अडचण ‘या नावाच्या प्रसिद्ध स्त्रिया’ या विभागात आहे. प्रेषित मुहंमद यांच्या कुटुंबात एक कन्या, दोन पत्नी आणि एक नात अशा चार झैनब होत्या, आणि ॲपने त्यांपैकी तिघींची चरित्रे एकमेकींत मिसळून टाकली आहेत. इ.स. 624 मधील बद्रच्या लढाईत कैद झालेल्या पतीच्या सुटकेसाठी आई खदीजा यांनी दिलेला कंठा पाठवणाऱ्या झैनब या प्रेषितांच्या कन्या होत. ॲपमध्ये हा प्रसंग प्रेषितांच्या पत्नी झैनब बिंत जह्श यांच्या नावे घातला आहे. चामडे कमावून आणि हस्तकौशल्याच्या वस्तू करून आलेली मिळकत दानात देणाऱ्या या पत्नीचे स्वतःचे वैशिष्ट्य मात्र वगळले आहे. गोरगरिबांची आई या अर्थाच्या उपाधीने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या पत्नी झैनब बिंत खुझैमा यांची ती उपाधीही झैनब बिंत जह्श यांनाच चिकटवली आहे. ज्या पालकांना मुलीचे नाव नेमक्या एका व्यक्तीच्या स्मरणार्थ ठेवायचे असते, त्यांच्या दृष्टीने ही चूक किरकोळ नाही.

प्रेषितांचे जावई अली आणि कन्या फातिमा यांच्या कन्या झैनब यांच्यावरील मजकूर त्या मानाने पुष्कळ चांगला आहे. इ.स. 680 मध्ये करबला येथे भाऊ हुसेन मारले गेल्यानंतर त्यांनी आजारी पुतण्या अली इब्न हुसेन यांचा जीव वाचवला, त्यांना बंदिवान करून दमास्कसला नेण्यात आले आणि तेथे उमय्यद खलिफा यझीदच्या दरबारात त्यांनी निर्भयपणे भाषण केले, हे सारे परंपरेनुसार आणि योग्य क्रमाने आले आहे. त्यांचे दफन दमास्कसजवळ झाल्याचे ॲप निःशंकपणे सांगते. वास्तविक कैरोतही त्यांच्या नावाची मशीद व दर्गा असून अनेक भाविक त्यांची कबर तेथेच असल्याचे मानतात. कैरोचा तो सारा भागच सय्यिदा झैनब या नावाने ओळखला जातो, तेव्हा ही त्रुटी खटकते.

अकराव्या शतकातील मोरोक्कोच्या झैनब अन-नफ्झाविया यांचा समावेश पाहून आनंद झाला, कारण अल्मोराविद राज्यकर्ते युसुफ इब्न ताशफीन यांच्या या पत्नीचे राजकीय वजन मोठे असूनही अशा याद्यांत त्या क्वचितच दिसतात. आधुनिक काळातील निवड संमिश्र आहे. सुदानमध्ये जन्मलेल्या पत्रकार झैनब बदावी यांची ओळख नेटकी आहे. परंतु 1936 मध्ये मुस्लिम महिलांची संघटना स्थापन करणाऱ्या इजिप्तच्या झैनब अल-गझाली यांना केवळ ‘समाजसेविका’ म्हणून मोकळे होणे आणि 1965 मधील अटक, 1971 मधील सुटका, मुस्लिम ब्रदरहुड या इस्लामवादी संघटनेशी असलेले संबंध यांविषयी अवाक्षर न काढणे हा वाचकाला अंधारात ठेवण्याचा प्रकार आहे.

कोणत्याही विधानाखाली आधारग्रंथ दिलेला नसल्याने यांतली प्रत्येक गोष्ट वाचकालाच अन्यत्र पडताळावी लागते. ‘दुरुस्ती कळवा’ असे बटण पानाच्या तळाशी आहे खरे, पण ते दाबल्यावर मजकूर लिहिण्याची जागा न मिळता ॲपला तारे देण्याचे पान उघडते.